विश्लेषण : नातवंडे सांभाळायला अमेरिकेत जाणे ‘काम’ ठरते का? व्हिजिटर व्हिसावर काय चालते, काय नाही?

लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण, नातवाची मुंज, मुलाने घेतलेले नवे घर. महाराष्ट्रातील हजारो आई-वडील अशा कारणांनी अमेरिकेला जातात. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असतो, परतीचे तिकीट असते, बॅगेत मेतकूट नि डिंकाचे लाडू असतात. तरीही तिथल्या विमानतळावर उतरल्यावर एखाद्याची गाडी एका वाक्यावर अडते. ‘कशासाठी आलात’ या प्रश्नाला ‘लेकीकडे राहायला आले’ असे उत्तर देता येते आणि ‘बाळाला सांभाळायला आले, म्हणजे लेकीला कामावर जाता येईल’ असेही. घरच्या बोलण्यात या दोहोंत फरक नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात आहे. व्हिजिटर व्हिसा म्हणजे देशात शिरण्याची सरसकट मुभा नव्हे. कशासाठी यायचे आणि आल्यावर काय करायचे, याचीही चौकट त्यात असते. ती चौकट नेमकी कुठे संपते, यावर मोठमोठ्या कंपन्याही ठेचकाळल्या आहेत.

कायद्यात ‘भेट’ कशाला म्हणतात?

अमेरिकेचा आजचा स्थलांतरविषयक कायदा मुळात १९५२चा. त्यातील व्हिजिटरची व्याख्या एका लांबलचक वाक्याची आहे. ज्याचे परदेशात घर आहे, ते सोडून देण्याचा ज्याचा इरादा नाही आणि जो व्यवसायासाठी किंवा मौजेसाठी तात्पुरता येतो आहे, तो व्हिजिटर. व्यवसायासाठी आलेला बी-१, मौजेसाठी आलेला बी-२. नातेवाइकांना भेटणे, पर्यटन, स्वखर्चाने वैद्यकीय उपचार हे सगळे मौजेत मोडते. हृदयाची शस्त्रक्रिया करून घ्यायला गेलेला रुग्णही कायद्याच्या लेखी मौजेलाच आलेला असतो!

याच वाक्यात कुणाला हा दरवाजा बंद, तेही सांगितले आहे. शिक्षणासाठी येणारे, कुशल वा अकुशल श्रम करायला येणारे आणि परदेशी वृत्तमाध्यमांचे प्रतिनिधी म्हणून कामावर येणारे. त्यांच्यासाठी वेगळे व्हिसा आहेत. सगळा घोळ यातल्या ‘श्रम’ या शब्दापाशी होतो.

दुसरी तरतूद अर्जदाराच्या अधिक अंगावर येणारी. येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी येणाऱ्याची. मुंबईतील अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीत पेन्शन, घर, इथे मागे राहणारी माणसे यांची चौकशी होते ती म्हणूनच. ‘माझा तिकडे राहायचा अजिबात विचार नाही, तिकडच्या थंडीत मला करमतही नाही’ हे कितीही खरे असले तरी अधिकाऱ्याला त्यापलीकडे काहीतरी दिसावे लागते.

भारतीयांना बहुधा बी-१ आणि बी-२ असा एकत्रच व्हिसा मिळतो. त्यामुळे दोन्ही प्रकारची मोकळीक आहे असे वाटते, आणि ते तसे चूकही नाही. पण दारात उभा असलेला अधिकारी त्या फेरीची नोंद यांपैकी एका वर्गात करतो.

‘बिझनेस’ चालतो, मग काम का नाही?

या प्रश्नाचे उत्तर जवळपास शंभर वर्षे जुने आहे. १९२४च्या कायद्यातही ‘व्यवसायासाठी तात्पुरते’ येणाऱ्यांना मुभा होती. त्या काळी कॅनडाच्या हद्दीत राहणारी अनेक माणसे नायगारा नदी ओलांडून अमेरिकेच्या बाजूला कामाला जात. अशा दोघांना अडवले गेले. एकीला पलीकडे काम शोधायचे होते, दुसऱ्याला ते मिळालेले होते. पोट भरण्यासाठीचा उद्योग म्हणजेच व्यवसाय, तर आम्हालाही मुभा हवी, हा त्यांचा युक्तिवाद. शिवाय १७९४च्या एका तहाचा दाखलाही त्यांनी दिला. १९२९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. कायदा अमेरिकी कामगाराच्या संरक्षणासाठी आहे. तेव्हा ‘व्यवसाय’ या शब्दात मजुरीवर केलेले काम बसवता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

मग बसते काय? त्याचे उत्तर एका शिंप्याच्या प्रकरणातून मिळाले. हाँगकाँगमधील एका कपडे शिवणाऱ्या पेढीचा माणूस अमेरिकेत येऊन गिऱ्हाइकांची मापे घेई, ऑर्डर आणि पैसे घेई आणि ते सगळे हाँगकाँगला पाठवी. कपडे तिथे शिवले जात आणि तिथूनच गिऱ्हाइकाकडे येत. हातात टेप घेऊन माप घेणे हे श्रमच, असे सरकारी बाजूचे म्हणणे. १९६५ मध्ये स्थलांतर अपील मंडळाने ते मान्य केले नाही आणि पुढच्या वर्षी अॅटर्नी जनरलनीही मंडळाचाच निर्णय कायम केला. व्यवसायाचे मुख्य ठिकाण परदेशात आहे, नफा परदेशात होतो आहे, पगार तिकडून येतो आहे आणि अमेरिकेतले काम त्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा एक आनुषंगिक भाग आहे, मग तो व्हिजिटरच. हाच शिंपी अमेरिकेत बसून शिवायला लागला असता तर निकाल उलटा लागला असता.

माप घेणे चालते, शिवणे चालत नाही. बी-१ व्हिसाचे शेकडो बारीक नियम पुढे आले, पण बहुतेकांना लावायची फुटपट्टी आजही हीच आहे. करार करायला बसणे, ग्राहकाशी चर्चा, परिषदेला हजेरी, न्यायालयात साक्ष किंवा दावा, वारसाने आलेल्या मालमत्तेची व्यवस्था हे चालते. तिथल्या माणसाने करायचे रोजचे काम आपण करणे चालत नाही.

नोकरी शोधणे मात्र चालते, हे अनेकांना माहीत नसते. मोठ्या टेक कंपन्यांत नोकरकपात सुरू असताना, मार्च २०२३ मध्ये, अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाने स्पष्ट केले की बी-१ किंवा बी-२ वर असताना अर्ज करता येतो, मुलाखतही देता येते. रुजू होण्यापूर्वी योग्य तो व्हिसा वर्ग मिळालेला असला पाहिजे.

पगार भारतातच मिळत असेल तर?

हिंजवडी किंवा ऐरोलीच्या कंपनीतून चार आठवड्यांसाठी ‘क्लायंट साइट’ला जाणारा इंजिनीअर हेच धरून चालतो की, आपल्याला तिकडे डॉलर मिळत नाहीत, पगार इथल्या खात्यात रुपयांत जमा होतो, मग आपण तिकडे काम करत नाही. पगार कुठून येतो हा महत्त्वाचा निकष आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. ग्राहकाच्या गरजा समजून घेणे, आराखड्यावर चर्चा, प्रात्यक्षिक दाखवणे हे माप घेण्यासारखे. ग्राहकाच्या टीममध्ये बसून सहा आठवडे कोड लिहिणे म्हणजे शिवणे. त्याला एच-१बी किंवा तत्सम व्हिसा लागतो.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे ऑक्टोबर २०१३ मध्ये दिसले. एच-१बीची गरज असलेल्या कामांसाठी बी-१ व्हिसावर माणसे पाठवली, या आरोपावरून अमेरिकी सरकारने चालवलेल्या प्रकरणात इन्फोसिसने ३ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली. कंपनीने गैरप्रकाराचा आरोप नाकारला होता. पण त्या प्रकरणात सरकारने पुढे केलेला एक मुद्दा आजही प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावा असा आहे. अधिकाऱ्यासमोर कोणते शब्द उच्चारू नयेत, याच्या सूचना कर्मचाऱ्यांना दिल्या गेल्याचे सरकारचे म्हणणे होते. काम बदलायचे नाही, फक्त त्याचे नाव बदलायचे, या सल्ल्याला तपास यंत्रणा पळवाट म्हणत नाहीत, पुरावा म्हणतात.

यंत्रांच्या बाबतीत मात्र खास सवलत आहे. परदेशी कंपनीने अमेरिकी खरेदीदाराला यंत्रसामग्री विकली असेल आणि ती बसवून देण्याची, दुरुस्तीची किंवा तिथल्या कामगारांना शिकवण्याची अट विक्रीच्या करारातच असेल, तर त्या कंपनीचा जाणकार तंत्रज्ञ बी-१ वर जाऊन ते काम करू शकतो. चाकण किंवा कोल्हापूरच्या यंत्रउद्योगाला ही तरतूद उपयोगाची आहे. तंत्रज्ञाला ते विशेष ज्ञान असले पाहिजे आणि अमेरिकेतून मेहनताना मिळता कामा नये. बांधकाम मात्र यात बसत नाही. बांधकामावर देखरेख करता येते, थापी हातात घेता येत नाही.

कागदावर ही रेषा स्वच्छ दिसते. कारखान्याच्या आवारात ती किती पुसट असते, हे ४ सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जिया राज्यात दिसले. ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याचे काम सुरू असलेल्या जागेवर छापा पडला. ४७५ जणांना ताब्यात घेतले गेले, त्यांत ३००हून अधिक दक्षिण कोरियाचे नागरिक होते. त्यांच्यापैकी बरेच जण बी-१ वर किंवा व्हिसामाफीच्या योजनेखाली आलेले होते. आठवडाभराने त्यांना खास विमानाने मायदेशी नेण्यात आले. हे सगळे अशा देशाबाबत घडले, ज्याच्या गुंतवणुकीचे अमेरिका स्वागत करत होती. महिनाअखेरीस दोन्ही देशांच्या चर्चेत अमेरिकेने मान्य केले की परदेशात खरेदी केलेली यंत्रे बसवणे, त्यांची देखभाल आणि दुरुस्ती बी-१ वर करता येते. म्हणजे जो नियम आधीपासून पुस्तकात होता, तोच शेकडो माणसांना बेड्या पडल्यानंतर पुन्हा एकदा वाचून दाखवण्यात आला.

लॅपटॉप उघडून आपल्याच भारतीय कंपनीचे काम करण्याबद्दल, म्हणजे ‘रिमोट वर्क’बद्दल, अमेरिकी व्हिजिटर नियमांत स्पष्ट परवानगी देणारे वाक्य नाही. लेकाकडे गेल्यावर ऑफिसच्या दोन ईमेलना उत्तर दिले म्हणून कुणी अडवत नाही. पण ‘दोन महिने तिथूनच वर्क फ्रॉम होम करेन’ हे काउंटरवरचे वाक्य अडचणीचे ठरू शकते.

मग आजीचे काय?

नातवंडांना सांभाळणे बी-२ वर चालते किंवा चालत नाही, असे एका ओळीत सांगणारा नियम अमेरिकेच्या पुस्तकात नाही. नातेवाइकांना भेटणे चालते. श्रम चालत नाहीत. घरात राहायला आलेली आजी बाळाला अंघोळ घालते, मऊ भात भरवते, संध्याकाळी बाबागाडी घेऊन चक्कर मारते, याला जगात कुणीच नोकरी म्हणत नाही. अडचण येते ती भेटीचा मुख्य हेतूच सांभाळणे असतो तेव्हा. अमेरिकेत पाळणाघर किंवा आया परवडत नाही, म्हणून सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई, पुन्हा आई असा ‘रिले’ अनेक मराठी घरांत ठरवला जातो. कुटुंबाच्या दृष्टीने ही माया आहे आणि हिशेबही आहे. अधिकाऱ्याला मात्र त्यात पगारी आयाची भरलेली जागा दिसू शकते.

‘पण मी पैसे कुठे घेते?’ हा इथला सगळ्यात स्वाभाविक प्रतिप्रश्न. पैसे न घेणे आजीच्या बाजूने निश्चित मोजले जाते. तरीही त्यावर सगळे निभावत नाही, कारण अमेरिकी नियमांत मोबदला म्हणजे फक्त रोकड नव्हे. कामाच्या बदल्यात मिळालेली राहण्या-जेवणाची सोयही त्यात धरता येते. २०२५च्या सुरुवातीला एका ब्रिटिश प्रवासी तरुणीला याचा फटका बसला. अनोळखी कुटुंबाकडे राहायचे आणि त्या बदल्यात घरकामात हातभार लावायचा, अशी तिची भटकंती चालली होती. कॅनडाच्या सीमेवर हे काम ठरते म्हणून तिला प्रवेश नाकारला गेला, ती अमेरिकेत परतली आणि तिथे तिला सुमारे तीन आठवडे स्थानबद्धतेत काढावे लागले. सख्खी आजी आणि अनोळखी पाहुणी यांत फरक आहेच. पण ‘पैसे घेतले नाहीत’ हे वाक्य दोघींनाही पुरते तारत नाही, एवढे यातून दिसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘काउंटरवर बाळाचे नावच काढू नका’ असा सल्ला व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्रास फिरतो. तो वाईट सल्ला आहे. बाळाला बघायला, बाळंतिणीजवळ राहायला, घरच्यांसोबत काही महिने घालवायला येणे ही पूर्ण कायदेशीर कारणे आहेत आणि ती जशी आहेत तशी सांगण्यात काहीही धोका नाही. लपवण्यात आहे. प्रवेशासाठी महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितली असे ठरले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. विशेष माफी मिळाल्याशिवाय ते उघडत नाही. शिवाय सीमेवर फोन तपासण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे. तोंडी ‘फिरायला आलोय’ आणि फोनमधल्या मेसेजमध्ये ‘आई १० तारखेला आली की डेकेअर बंद करू’ असे असेल, तर उत्तर आधीच दिले गेलेले असते. ज्या घरात खरोखरच आठवड्याचे पाच दिवस, दिवसाचे नऊ तास बाळ सांभाळण्यासाठीच आईला बोलावले जात आहे, त्या घराने शब्द नव्हे, बेत बदलायला हवा.

घरी कामाला असलेल्या मावशींना ‘टूरिस्ट’ म्हणून सोबत नेणे हा तर सरळ नियमभंग. मालकासोबत जाणाऱ्या घरकामगारांसाठी बी-१ मध्येच एक स्वतंत्र, अटींनी भरलेली सोय आहे. त्यात लेखी करार आणि तिथल्या किमान वेतनाइतका पगार बंधनकारक असतो.

गाणे, कीर्तन, व्याख्यान आणि कुकिंग क्लास

आजी गाणारी असेल आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात तिने दोन अभंग म्हटले तर? बिनधास्त म्हणावेत. हौशी कलाकारांना आणि खेळाडूंना कार्यक्रमांत, स्पर्धांत विनामोबदला भाग घ्यायला बी-२ वर परवानगी आहे. पण हौशी म्हणजे एरवीही पैसे न घेता कला सादर करणारा. व्यावसायिक गायक किंवा नट ‘या वेळी मानधन घेत नाही’ म्हणून हौशी ठरत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची मार्गदर्शिका याबाबत कडक आहे. मोबदला किती आणि कुणाकडून, याचा विचार न करता व्यावसायिक कलाकाराला बी व्हिसा सामान्यतः लागू नाही. नाटकांचे दौरे ‘पी’ वर्गातील व्हिसावर जातात ते यामुळे. त्यातही पी-३ हा उपवर्ग एखाद्या संस्कृतीच्या खास कलांसाठीच ठेवला आहे.

धर्मोपदेशकांना उलट थोडी सैल वागणूक. एका ठिकाणी नेमणूक न घेता गावोगावी प्रवचने करत फिरणारा उपदेशक बी-१ वर येऊ शकतो आणि सभेत गोळा होणाऱ्या दक्षिणेवर त्याचा निर्वाह चालू शकतो. पेटी-तबल्यासह रंगणाऱ्या कीर्तनाचा बुवा यांतल्या कोणत्या रांगेत उभा राहणार, हा मात्र अधिकाऱ्याचीही परीक्षा पाहणारा प्रश्न आहे!

प्राध्यापकांसाठी ‘नऊ-पाच-सहा’ असा सुटसुटीत हिशेब आहे. एका विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत जास्तीत जास्त नऊ दिवस, सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच संस्था, एवढ्या मर्यादेत व्याख्यानाचे मानधनही घेता येते. व्हिजिटरला अमेरिकेतून चक्क पैसे घेऊ देणाऱ्या मोजक्या सवलतींपैकी ही एक. शिकण्याबाबत नियम साधा आहे. सुट्टीतला दोन दिवसांचा पाककलेचा वर्ग चालतो, पदवीसाठी श्रेयांक देणारा अभ्यासक्रम चालत नाही. आणि बाळाला अमेरिकी नागरिकत्व मिळावे, या मुख्य हेतूने प्रसूतीसाठी जाणे बी-२ मध्ये बसत नाही, असा नियम जानेवारी २०२० पासून लागू आहे.

ब्रिटनने जे लिहून टाकले

हेच प्रश्न ब्रिटनपुढेही आले आणि तिथे त्यांची उत्तरे बऱ्यापैकी लिहून ठेवली गेली. व्हिजिटरला काय करता येते याची यादीच तिथल्या इमिग्रेशन नियमांना जोडलेली आहे. नातेवाइकाचे मूल सांभाळण्याबद्दल गृह खात्याच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की, भेट थोड्या मुदतीची असेल आणि नातेवाईक आया म्हणून नोकरीला ठेवल्यासारखा प्रकार नसेल, तर हरकत नाही. लंडन किंवा लेस्टरला जाणाऱ्या आजीला आपण कुठे उभ्या आहोत हे निदान वाचता येते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते. ३१ जानेवारी २०२४ पासून रिमोट वर्कलाही परवानगी आहे, फक्त भेटीचा मुख्य हेतू तो नसावा. मात्र पुन्हा पुन्हा येऊन ब्रिटनलाच आपले घर करून टाकण्याला मनाई आहे. ‘रिले’ तिथेही अडतो. न्यूझीलंडने जानेवारी २०२५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले आणि परदेशी मालकाचे रिमोट काम करण्याची मुभा व्हिजिटर व्हिसावर दिली.

भारताचे नियमही याच घडणीचे आहेत. पर्यटक व्हिसावर येणाऱ्याला मित्र-नातेवाइकांना भेटता येते, छोटा योगवर्ग करता येतो, धर्मस्थळी जाऊन प्रवचनही ऐकता येते. धर्मप्रचार करता येत नाही. ऐकणे आणि प्रचार करणे यांतली रेषा कुठे, हा प्रश्न २०२० मध्ये महाराष्ट्रातच न्यायालयापुढे आला. करोनाकाळात तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात व्हिसाच्या अटी मोडल्याचे गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ते रद्द केले. धर्मस्थळी जाणे आणि नेहमीच्या धार्मिक कार्यक्रमांना हजर राहणे यावर व्हिसा नियमांत बंदी नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा आधार होता.

काउंटरवर अधिकार कुणाचा?

अमेरिकेत व्हिसा देते परराष्ट्र खाते, दार उघडते सीमा संरक्षण दल. पहिल्याने हो म्हटले म्हणून दुसरे बांधील नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येऊन विचारण्याची परवानगी, एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ.

अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, तर आत एका खोलीत सविस्तर चौकशी होते. पुढे दोन वाटा असतात. एक, ‘त्वरित हकालपट्टी’. त्यात न्यायाधीशापुढे सुनावणी नसते, वरिष्ठ अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि सामान्यतः पाच वर्षे प्रवेशबंदी येते. दुसरी, प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेणे. तसे करू द्यायचे की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, पण त्यात पाच वर्षांची बंदी लागत नाही. व्हिसा बहुधा रद्द होतो, तरी नव्याने अर्ज करता येतो. वीस तासांच्या प्रवासानंतर, इंग्रजीची सवय नसलेल्या सत्तरीच्या माणसाला या दोन कागदांतला फरक कळणे कठीण असते. हकालपट्टीच्या कारवाईत प्रवाशाचा जबाब लिहून घेतला जातो आणि तो त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा लागतो, गरजेप्रमाणे दुभाषाही घ्यावा लागतो. मराठी दुभाषा मागण्यात काही कमीपणा नाही. समजलेले नसताना ‘येस, येस’ म्हणून सही करण्यात खरा धोका आहे.

आत गेल्यानंतरचे वागणेही मोजले जाते. २०१७ पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याचा ९० दिवसांचा नियम आहे. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत कुणी परवानगीविना नोकरी धरली, अभ्यासक्रमाला नाव घातले किंवा तिथल्या नागरिकाशी लग्न करून राहू लागले, तर येतानाच खोटे सांगितले होते असे मानले जाऊ शकते. तसे नव्हते, हे दाखवण्याचा भार पुन्हा प्रवाशावरच.

मुदत व्हिसावरची की आय-९४ची?

सर्वाधिक गफलत इथे होते. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांत कितीही वेळा दारापर्यंत येता येईल. त्या फेरीत किती दिवस राहायचे, हे ठरते आय-९४ या नोंदीवरून. बी-२ वर आलेल्याला साधारणपणे सहा महिने मिळतात. बी-१ वर कामापुरतेच दिवस मिळू शकतात. एका फेरीनंतर किती महिने भारतात राहावे याचा आकडा कायद्यात नाही. मात्र सहा महिने तिकडे, दोन महिने इकडे आणि पुन्हा सहा महिने तिकडे असा क्रम दिसला, की ‘तुमचे घर नेमके कुठे’ हा प्रश्न ठरलेला.

ही नोंद आता कागदी कार्डावर नव्हे, सीमा संरक्षण दलाच्या संकेतस्थळावर असते. अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पासपोर्ट क्रमांक घालून ती पाहावी. नावाचे स्पेलिंग, वर्ग आणि मुदतीची तारीख तपासावी, चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी. बाळाची किंवा बाळंतिणीची प्रकृती, स्वतःचे आजारपण अशा कारणाने मुक्काम वाढवायचा असेल, तर मुदतवाढीचा अर्ज आय-९४ची तारीख उलटण्यापूर्वी पोहोचला पाहिजे. तो किमान ४५ दिवस आधी करावा, असे नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभाग सुचवतो. अर्ज न करता तारीख उलटली, तर दहा वर्षांचा व्हिसा एका दिवसाच्या उशिरानेही बाद होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा अधिक झाल्यास बाहेर पडल्यावर तीन वर्षांची, वर्षभर किंवा अधिक झाल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते.